सुप्याच्या बाजारात कागद का जळाले?

सातबारा काढला की आपण आधी नाव बघतो, मग क्षेत्र, मग 'इतर हक्क' या रकान्यात काय भानगड आहे ते. या सगळ्याच्या अधेमधे 'आकार' म्हणून एक बारीक आकडा असतो, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. आमच्या पाच एकर जिरायतीपुढे तिथे ४ रुपये ६२ पैसे लिहिलेत. वर्षाचे. एवढ्यात आज कटिंग चहासुद्धा येत नाही.

आजोबांच्या आजोबांच्या वेळी मात्र याच आकड्यापायी लोक बैल विकत होते. हा आकडा आला कुठून, आणि १८७५ साली पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांची दप्तरं का जाळली, हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. ते सोडवत गेलं की इंग्रजांचं राज्य साध्या माणसाला रोजच्या रोज कसं भेटत होतं तेही कळतं. इंदापूर किंवा पारनेरच्या कुणब्याने उभ्या आयुष्यात गोरा माणूस किती वेळा पाहिला असेल? त्याच्याकडे राज्य यायचं ते कागदावर बसून.

आधी घटना सांगतो.

१२ मे १८७५, बुधवार. गाव सुपे, तेव्हा भीमथडी तालुक्यात, आज बारामती तालुक्यात. (पारनेरजवळचं एमआयडीसीवालं सुपे वेगळं. हे पुणे-सुपे जहागिरीतलं, शहाजीराजांचं.) बाजाराचा दिवस होता. आसपासच्या गावांचे लोक जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. एक घर जाळलं, डझनभर घरं फोडून रिकामी केली. वह्या, कर्जाचे रोखे, धान्य, कापड, सगळ्याचे रस्त्यात ढीग घालून पेटवून दिलं. तीन दिवसांनी जिल्हा मॅजिस्ट्रेट तिथे पोचला तेव्हा राखेचे ढिगारे तसेच पडलेले होते. तोवर फौजदाराने ५० जण धरले होते. सरकारी अंदाजाने नुकसान २५,००० रुपयांच्या वर गेलं होतं. सावकार म्हणत होते, १ लाखाच्या वर.

पुढच्या काही आठवड्यांत हे लोण शिरूरकडे आणि नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, कर्जत भागात पसरलं. तीसहून जास्त गावांत दंगे झाले, लष्कर बोलवावं लागलं. इतिहासाच्या पुस्तकात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. पण दंगा म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येतं तसं इथे फारसं घडलं नाही. सावकाराच्या जिवावर लोक क्वचितच उठले. त्याने मुकाट्याने रोखे काढून दिले, तर बहुतेक ठिकाणी ते फाडून, जाळून जमाव आपापल्या घरी गेला. चौकशी आयोगानेही हे नोंदवून ठेवलंय.

भुकेला माणूस धान्य लुटतो, चोर सोनं लुटतो. हे लोक कागद मागत होते.

इंग्रजांच्या आधी

पेशवाईत सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं, असं मुळीच नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती, म्हणजे एकेका भागाचा कारभार आणि वसुली, मक्त्याने दिल्या जायच्या. जो जास्त बोली लावेल त्याला मामलत. मग मक्तेदार रयतेला पिळून बोलीचे पैसे काढणार, हे ओघाने आलंच. सावकारही तेव्हा होतेच. तुकोबांनी कर्जाचे कागद इंद्रायणीत बुडवल्याची गोष्ट लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या होत्या. एक म्हणजे सारा (सरकारला द्यायचा जमीन महसूल; सातबाऱ्यावरचा 'आकार' तो हाच) मुख्यतः गावाच्या नावाने ठरायचा. पाटील-कुलकर्णी कमाविसदाराशी, म्हणजे वसुली अधिकाऱ्याशी, घासाघीस करायचे, दुष्काळ पडला तर सूट मागायचे, आणि ठरलेली रक्कम मग गावात वाटून द्यायचे. यात पाटील आपल्या भाऊबंदांना झुकतं माप देत असणार, त्यात काय संशय! तरी पण वाईट वर्षी बोलणी करायला जागा होती.

दुसरी गोष्ट म्हणजे सावकाराच्या पाठीशी कोर्ट नव्हतं. पैसे बुडाले तर तगादा लावायचा, दारात धरणं धरून बसायचं, फार तर पंचायत बोलवायची. कुळाची जमीन परस्पर आपल्या नावावर करून घेणं सोपं नव्हतं. म्हणून सावकारही हात राखून कर्ज द्यायचा. कूळ मेलं तर आपणही मेलो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. (सावकाराच्या भाषेत कर्जदाराला 'कूळ'च म्हणतात.)

सूत्र आणि इंदापूर

१८१८ मध्ये पेशवाई गेली. बंगालमध्ये कंपनीने १७९३ सालीच जमीनदारांशी कायमचा करार करून टाकला होता. इथे मात्र मद्रासकडची पद्धत घ्यायचं ठरलं. मध्ये जमीनदार ठेवायचा नाही, सरकारने प्रत्येक शेतकऱ्याशी थेट हिशेब करायचा. हीच रयतवारी.

थेट हिशेब करायचा म्हणजे प्रत्येक शेताची किंमत ठरवणं आलं. हे काम प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याकडे गेलं. त्या वेळी इंग्लंडात डेव्हिड रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाचा एक सिद्धांत फार जोरात होता. तो थोडक्यात असा. दोन शेतं आहेत, एक काळं, एक माळाचं. दोन्हींवर कष्ट सारखेच केले तरी काळ्या शेतात जास्त पिकतं. हे जे जास्तीचं, ते शेतकऱ्याच्या घामाचं नव्हे, जमिनीच्या गुणाचं. मग त्यातला वाटा सरकारने काढून घेतला तर शेतकऱ्याचं काही बिघडत नाही.

बुद्धीला पटण्यासारखं आहे. प्रिंगलने एकूण उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा केला आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवला. १८३० मध्ये इंदापुरात हा सारा लागू झाला.

आता ज्याला इंदापूर माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. पाऊस पर्जन्यछायेतला, एखादं साल बरं, दोन सालं कोरडी. 'सरासरी उत्पन्न' ही गोष्ट तिथे कागदावरच पिकते. त्यात मोजणी करणारे हाताखालचे कारकून. कुणाचं शेत कुठल्या प्रतीत टाकायचं हे चिरीमिरीवर ठरायला लागलं. वर धान्याचे भाव घसरत गेले. रोख सारा ठरलेला, म्हणजे तो भरायला आधी एक पोतं विकावं लागत होतं तिथे आता दीड-दोन विकावी लागायची. वसुलीसाठी मारहाण, छळ झाला. कुणबी गाव सोडून निघाले, काही निजामाच्या हद्दीत गेले. शेतं पडीक पडली. शेवटी ही पद्धत गुंडाळावी लागली.

रिकार्डो कधी हिंदुस्थानात आला नव्हता. त्याला बिचाऱ्याला इंदापूर नावाचा तालुका आहे हेही माहीत नसणार.

तेहतीस फुटांची साखळी

१८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापुरातच नव्याने सुरुवात केली. हे लोक व्यवहारी होते. उत्पन्नाचं सूत्र त्यांनी बाजूला ठेवलं. मागच्या वर्षांत वसूल किती आला, बाजार किती लांब आहे, पाऊस कसा आहे, असं बघून तालुक्याला किती पेलेल ते आधी अंदाजाने ठरवायचं, आणि मग तो बोजा शेताशेतावर वाटायचा. वाटण्यासाठी आधी मोजणी आणि मग प्रतबंदी, म्हणजे जमिनीची प्रत ठरवणं. तिच्याजवळ जरा थांबू, कारण तिचे तुकडे आपण अजून बोलतो, वापरतो.

मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिचे १६ भाग, एकेका भागाला 'आणा' म्हणायचे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. प्लॉट घेताना एजंट '१०८९ स्क्वेअर फूट' असा विचित्र आकडा सांगतो ना, तो हाच: ३३ गुणिले ३३. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर.

नंतर प्रतबंदीचा माणूस शेतात यायचा. कागदावर शेताचा आराखडा, त्याचे सारखे चौकोन. प्रत्येक चौकोनात जमीन उकरून खोली बघायची. काळी माती पावणेदोन हात खोल लागली तर सोळा आणे, म्हणजे पूर्ण प्रत. दीड हात लागली तर चौदा आणे, सव्वा हात तर बारा, एक हात तर दहा. तांबडी माती असेल तर सुरुवातच खालून. मग दोष बघायचे: चुनखडीचे खडे आहेत का, वाळू मिसळलीय का, उतार आहे का, पाणी मुरत नाही का, ओढ्याचं पाणी शेतावरून वाहतं का. एकेक दोष निघाला की प्रत एकेक पायरी खाली. सगळ्या चौकोनांची सरासरी काढली की शेताची प्रत ठरली. तालुक्याचा वरचा दर एकरी समजा एक रुपया असेल, तर आठ आणे प्रतीच्या जमिनीला एकरी आठ आणे. झाला आकार. खडक-ओढ्याची जी जागा पिकाला निरुपयोगी, ती 'पोटखराबा' म्हणून बाजूला. १८४७ मध्ये हे नियम एका अहवालात पक्के केले गेले आणि मुंबई इलाख्यात सगळीकडे त्याच पद्धतीने सर्व्हे झाले. सातबारा हा नमुना पुष्कळ नंतरचा, पण त्याच्या पोटात ही प्रतबंदी बसलेली आहे.

काम प्रामाणिकपणे केलेलं होतं, हे मान्यच करायला हवं. दर प्रिंगलच्या मानाने खूप हलके होते आणि ३० वर्षं वाढवायचे नाहीत असं वचन होतं. पडीक जमिनी पुन्हा लागवडीला आल्या. शेतकऱ्याला सर्व्हे नंबर मिळाला, तो वारशाने मुलाकडे जाणार, विकताही येणार, असा हक्क मिळाला.

गोम इथेच होती. सारा हलका झाला म्हणून जमिनीला किंमत आली. किंमत आली म्हणून ती गहाण ठेवण्याजोगी झाली. आधी सावकाराला तारण म्हणून कुणब्याचं उभं पीक, बैल किंवा बायकोच्या अंगावरचे चार मणी. आता त्याच्यापुढे सरकारनेच मोजून, नंबर घालून, हद्दीचे दगड पुरून दिलेली जमीन होती.

आणि साऱ्याला तारीख होती. पीक येवो न येवो, भाव असो नसो, ठरल्या हप्त्याला रोख पैसे. गावाने मिळून सूट मागायची सोय गेली; आता प्रत्येक जण आपापल्या पावतीपुरता एकटा. थकला तर जमीन सरकारजमा. कुणब्याच्या घरात धान्य असेल, रोकड कुठून असणार? मग तो सावकाराकडे जायचा. सावकार त्याचा सारा परस्पर कचेरीत भरायचा आणि वहीत लिहून ठेवायचा. सरकारचा वसूल वेळेवर जमा होत होता, म्हणून कलेक्टर खूश.

पन्नासाचे अडीचशे

या वहीतलं लिखाण वसूल करून द्यायला आता दिवाणी कोर्टं बसली होती. १८५५ साली व्याजाच्या दरावरची कायद्याची मर्यादाही उठली. त्याआधी मुंबई इलाख्यात ती शेकडा १२ होती. मग १८५९ मध्ये मुदतीचा कायदा आला. बिननोंदणीच्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावायचा, नाहीतर रोखा बाद. हेतू असा की व्याज वर्षानुवर्षं तुंबत राहू नये. घडलं बरोबर उलटं. ते आकड्यांत बघू, म्हणजे लगेच कळेल.

समजा, एका कुळाने ५० रुपये घेतले. (हातात ४५च पडले, कारण 'मनोती' म्हणून सावकाराने पाच आधीच कापून घेतले.) व्याज महिना शेकडा दोन. तीन वर्षांचं व्याज ३६ रुपये. एकूण ८६. आता मुदत संपत आली. कुळाकडे पैसे नाहीत आणि सावकाराचा रोखा बाद होणार. मग सावकार म्हणतो, दावा लावत नाही, नवा रोखा लिहून दे. नवा रोखा ८६ रुपये मुद्दलाचा. आणखी तीन वर्षांनी त्याचे १४८. पुन्हा नवा रोखा. नवव्या वर्षी २५४.

आपल्या जुन्या रिवाजात यावर एक लगाम होता, दामदुपट. व्याज कितीही साचो, ते मुद्दलाच्या वर जायचं नाही; पन्नासाला शंभराच्या पुढे मागणी नाही. इंग्रजी कोर्टांनी हा नियम मुंबई इलाख्यात मानलाही होता. पण दर तीन वर्षांनी व्याजच मुद्दल होऊन बसत असेल तर दामदुपट कशाला लावणार?

रोखा लिहिणारा वेगळा, वाचणारा वेगळा, आणि ज्याच्या नावाचा तो कूळ निरक्षर. अंगठा उठवण्याची पद्धत तेव्हा यायची होती. कुणबी सहीच्या जागी नांगराची निशाणी करायचा. वर काय लिहिलंय ते त्याला वाचून दाखवलं ते खरं. परत केलेल्या पैशांची पावती मिळाली तर मिळाली. उद्या कोर्टाचं समन्स आलं, तर ज्वारीची राखण सोडून तालुक्याला कोण जातो? गेला तरी 'ही निशाणी तुझी का?' या प्रश्नाला 'हो' म्हणण्यापलीकडे त्याला काय सांगता येणार होतं? बरेचसे निकाल एकतर्फीच लागत. रोखा खरा आहे ना एवढं न्यायाधीशाने बघायचं. त्या रोख्याच्या पोटात काय काय भरलंय ते बघायची त्याला गरज नव्हती. कायद्यापुढे दोघे समान. एक लिहिणारा, एक नांगर काढणारा.

अमेरिकेतलं युद्ध

एवढ्यावर कदाचित आणखी काही वर्षं निभावलं असतं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडून येणारा कापूस जवळजवळ बंद झाला. इंग्लंडला हिंदुस्थानचा कापूस लागला, मिळेल तेवढा, मिळेल त्या भावाने. १८६२ मध्ये इंग्लंडात आलेल्या कापसापैकी बहुतेक आपल्याकडचा होता.

मुंबईत तेव्हा शेअरचा काय धुमाकूळ चालला होता ती गोष्ट वेगळी आणि फार मजेदार आहे, पण इथे नको. आपल्यापुरतं महत्त्वाचं हे, की मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून तालुक्याच्या सावकाराकडे आणि त्याच्याकडून गावच्या दुकानदाराकडे पैशाचा पाट वाहायला लागला. कापूस मुख्यतः खानदेश-वऱ्हाडचा, पण पुणे-नगरकडेही सगळ्याच मालाचे भाव चढले. रेल्वेची कामं चालू होती, १८६३ मध्ये बोर घाटाचा रस्ता गाडीला खुला झाला. मजुरी होती, बैलगाड्यांना भाडं होतं. कुणब्याला कधी नव्हे ते न मागता कर्ज मिळू लागलं. त्याने विहीर खणली, बैल घेतले, पोरीचं लग्न जरा मोठं केलं. साहेब लोकांनी पुढे या लग्नांवरच बोट ठेवलं, की बघा, उधळे आहेत. शेअरबाजारात बुडालेल्या मुंबईच्या शेठ लोकांना कुणी उधळे म्हटल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

१८६५ मध्ये युद्ध संपलं. अमेरिकेचा कापूस परत आला, भाव कोसळले, मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या. वरून हात आखडला तसा गावच्या सावकारानेही आखडला. नवं कर्ज बंद, जुन्याची वसुली सुरू.

आणि नेमकी याच वेळी इंदापूरची ३० वर्षांची मुदत संपली. १८६७ पासून एकेक तालुक्याची फेरआकारणी झाली. ती करताना समोर आकडे होते तेजीच्या वर्षांचे. काही गावांचा सारा दीडपट झाला, काहींचा दुप्पट. तो लागू झाला मंदीत. पुण्याच्या सार्वजनिक सभेने (स्थापना १८७०) गावोगाव माहिती गोळा करून या वाढीविरुद्ध सरकारकडे अर्ज केले. सरकारने पुढे वाढीवर थोडी मर्यादा घातली, पण तोवर बऱ्याच घरांतली भांडीकुंडी बाजारात गेली होती.

करडे ते सुपे

ठिणगी पडली शिरूर तालुक्यातल्या करडे गावात, डिसेंबर १८७४ मध्ये. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर दीडशे रुपयांच्या वसुलीचा कोर्टाचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं राहतं घर उतरवायला घेतलं. देशमुख म्हणजे गावचा मानाचा माणूस. त्यांची ही गत तर आपली काय, असं लोकांना वाटलं. गावाने सावकारांना वाळीत टाकलं. न्हावी हजामत करेना, पाणक्या पाणी भरेना, दुकानातून कुणी मीठ-मिरची घेईना, शेतावर कुणी राबेना. आसपासच्या गावांनीही तेच उचललं. काही सावकार बाडबिस्तरा घेऊन रात्री गाव सोडून गेले. पाच महिन्यांनी सुपे पेटलं.

एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती सांगितली नाही तर गोष्ट लबाडीची होते. दंग्यांत जवळजवळ सगळा मार मारवाडी आणि गुजर सावकारांना बसला. ज्या गावांत ब्राह्मण किंवा इतर जातींचेही सावकार होते तिथे त्यांना बहुधा हात लागला नाही. त्यांचे व्याजाचे दर दानधर्माचे होते अशातला भाग नाही. बाहेरून आलेल्या माणसाचं गावात सोयरसुतक नसतं, त्याच्यावर हात उचलणं सोपं जातं. आणि या व्यवस्थेत खरा मोठा ऋणको-धनको व्यवहार चालला होता तो सरकार आणि शेतकरी यांच्यात. सावकार मध्ये उभा होता. तो हाताशी होता. मँचेस्टर, लंडन, मुंबईचं सचिवालय हाताशी नव्हतं. मामलेदाराच्या कचेरीलाही जमावाने हात लावला नाही.

सरकारला काय दिसलं

सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याने काम कसून केलं. नगर जिल्ह्यातली बारा गावं घेऊन कर्जाचा हिशेब काढला. साधारण एक तृतीयांश खातेदार कर्जात रुतलेले, त्यांचं कर्ज सरासरीने साऱ्याच्या अठरापट, आणि त्यातलं जवळपास दोन तृतीयांश जमीन गहाण ठेवून घेतलेलं. म्हणजे एका सालाचा सारा भरता येईना म्हणून सुरू झालेलं प्रकरण अठरा सालांच्या साऱ्याएवढं झालं होतं.

निष्कर्ष मात्र असा निघाला, की सरकारचा सारा हे काही दंग्यांचं कारण नव्हे. दोष सावकाराचा, कोर्टांच्या पद्धतीचा, रयतेच्या अडाणीपणाचा आणि कोरड्या हवामानाचा. आयोगातल्याच ऑकलंड कॉल्व्हिन यांनी वेगळं टिपण लिहून सारावाढीवर बोट ठेवलं होतं, पण एकूण सूर तोच राहिला. सारा हे सरकारचं सगळ्यात मोठं उत्पन्न. त्याला दोषी कसं धरणार?

लगोलग १८७६ ते ७८ चा दुष्काळ पडला, नेमका याच जिल्ह्यांवर. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं. फडके पुण्यात सरकारच्या लष्करी हिशेबखात्यात कारकून होते. त्याच साली घाईने दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी.

कायदा बरा होता. न्यायाधीशाने आता रोख्यावर विसंबायचं नाही. मूळ घेतले किती, फेडले किती, व्याज किती हे पहिल्यापासून खणून काढायचं. कुळाला कोर्टात बोलवून विचारायचं. कर्जापायी तुरुंग बंद. जमीन स्पष्टपणे गहाण लिहून दिली नसेल तर ती विकून वसुली करायची नाही. पैसे मिळाले की सावकाराने पावती द्यायची. म्हणजे सुप्याच्या लोकांनी जे मागितलं होतं त्यातलं पुष्कळसं, चार वर्षांनी, छापील कलमांत.

सावकारांनी वर्षा-दोन वर्षांत तोड काढली. गहाणखतच लिहायचं नाही. सरळ खरेदीखत करून घ्यायचं आणि तोंडी सांगायचं, पैसे दिलेस की जमीन परत. कोर्टात गेलं तर समोर विक्रीचा कागद, कर्जाचा पत्ताच नाही. पूर्वी कर्ज थकल्यावर जमीन जायची, आता कर्ज घेतानाच जायला लागली.

मग स्वस्त कर्ज कुठून आणायचं हा प्रश्न उरलाच. मुंबई इलाख्यातले ब्रिटिश अधिकारी विल्यम वेडरबर्न यांनी न्यायमूर्ती रानड्यांच्या साथीने पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढायची योजना मांडली. हिंदुस्थान सरकारचाही तिला पाठिंबा होता. लंडनमधून नकार आला. सहकारी पतसंस्थांचा कायदा व्हायला १९०४ साल उजाडलं. सारा त्याही वर्षी ठरल्या तारखेला, रोखीनेच घेतला जात होता.

सुप्यात जळालेल्या कागदांचं काय झालं? ज्यांची नोंदणी झालेली होती, त्यांच्या नकला सरकारी दप्तरात होत्या. हुकूमनामेही कोर्टाच्या रुमालांत बांधून ठेवलेले होते. तिथवर राख पोचली नाही.

आमच्या त्या उताऱ्यावर ४ रुपये ६२ पैशांच्या पलीकडे 'इतर हक्क' रकाना आहे. त्यात विकास सोसायटीच्या, म्हणजे गावच्या सहकारी पतसंस्थेच्या, कर्जाचा बोजा चढवलाय, गेल्या खरिपाचा. जूनच्या आत नवं-जुनं करायचंय: जुनं फेडायचं आणि लगेच नवं घ्यायचं.